खोली-खोलीनं सोडवलेलं घर

आमच्या वाळूजच्या कंपनीत स्क्रॅपचा ट्रक महिन्यातून एकदा येतो आणि सगळं भंगार उचलून नेतो. किस्से मात्र कोणी उचलत नाही! वर्षानुवर्षं एकाच टेबलावर डबे खाल्ले की ते साठत जातात आणि बघता बघता ढीग होतो. आमच्या टेबलावरचा निम्मा ढीग एकट्या प्रकाश आणि वर्षाच्या घराचा आहे.

प्रकाश टूलरूममध्ये, त्याची बायको वर्षा डिस्पॅचला, रफिकभाई मेंटेनन्सला आणि मी क्वालिटीत. दिवसभर माल रिजेक्ट करायची सवय, त्यामुळे माझं तोंड जरा फटकळ. आम्ही चौघं त्या टेबलाचे कायमचे मेंबर, बाकीचे येऊन-जाऊन.

*

प्रकाशनं पडेगावला रो-हाऊस घेतलं तेव्हा पेढे आले, पण जेवण काही आलं नाही. आम्ही मागे लागलो, वास्तुशांती कधी?

"कशाची वास्तुशांती ताई? घर बँकेचं हाय. ज्याचं घर त्यानं जेवण घालावं!"

"तो फिर बँकवालों कोच पूछते," रफिकभाई म्हणाले, "दावत कब है बोलके."

आम्ही हसलो, पण प्रकाश गंमत करत नव्हता. त्याच्या आधीच्या कंपनीला एका सोमवारी अचानक टाळं लागलं होतं. तेव्हा ही दोघं बजाजनगरला भाड्यानं राहायची. भाडं थकलं आणि घरमालकानं त्यांची भांडीकुंडी जिन्यात काढून ठेवली. वर्षा कामावरून आली तेव्हा तिचा कुकर पायरीवर होता. ती पायरी प्रकाशच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. घर घ्यायचं, कर्ज लवकरात लवकर संपवायचं, मगच वास्तुशांती, असं त्यानं ठरवून टाकलं. नुसतं दूध उतू घालून दोघं राहायला गेली.

अडचण एकच होती, फुलंब्रीकडच्या गावात राहणारी प्रकाशची आई. तिनं फोनवर ठणकावून सांगितलं, "वास्तुशांत झाल्याबिगर मी त्या घरात मुक्काम करणार नाय. जेवीन, चहा पिईन, रात नाय काढायची."

मुलगा म्हणे आधी कर्ज, आई म्हणे आधी वास्तुशांत. दोघंही सारखीच हट्टी!

*

बरेच हप्ते भरून झाल्यावर वर्षा एकदा बँकेत गेली, किती फिटलं ते विचारायला. तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं की सुरुवातीच्या हप्त्यांतलं बहुतेक व्याजातच जातं, मुद्दल थोडंसंच कमी होतं.

वर्षाला काही पटेना. "म्हणजे साहेब, एवढे हप्ते भरून आमचा नुसता संडासच सुटला का?"

साहेब कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाले, "संडाससुद्धा पूर्ण नाही मॅडम. दार राहिलंय असं समजा!"

हे तिनं टेबलावर सांगितलं तेव्हा रफिकभाईंना ठसका लागला. पण त्या दिवसापासून ही दोघं हप्त्याच्या वर जे हाताला लागेल ते थेट मुद्दलात भरायला लागली, आणि प्रत्येक भरण्याला घराच्या एका भागाचं नाव पडलं. दिवाळीचा बोनस आला, स्वयंपाकघर सुटलं. ओव्हरटाइम झाला, खिडक्या सुटल्या. भिशी लागली, जिना सुटला. रफिकभाई डबा उघडायच्या आधी विचारायचे, "क्या छुडाए इस महिने?"

"गच्चीचा कठडा!" वर्षा ऐटीत सांगायची.

मागच्या बाजूची छोटी खोली आईसाठी होती. ती दोघांनी शेवटाला ठेवली होती. ती सुटली की घर सुटलं, आणि मग पहिला मुहूर्त धरून वास्तुशांती. खोलीचा रंगसुद्धा वर्षानं ठरवून ठेवला होता, आईंना आवडतो तसा फिका पिस्ता.

*

त्यांच्या काटकसरीवर तर एक दिवाळी अंक निघेल. डिपार्टमेंटची महाबळेश्वरची ट्रिप ठरली, तर वर्षा म्हणाली, "ताई, महाबळेश्वर बघायला गेले तर आमचं बाथरूम जाईल!" नाही आली.

घरात सोफा नव्हता. कंपनीत मशिनचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून येतात. ती खोकी प्रकाशनं भंगारच्या भावात घेतली, रंधा मारला आणि झकास बैठक केली. टूलरूमचा माणूस, हातात कसब आहेच. पण खोक्यांवरचे छापे काही त्याला घालवता आले नाहीत. ईदच्या दुसऱ्या दिवशी रफिकभाई सहकुटुंब शीरखुर्मा घेऊन गेले. बसले. पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'नाजूक माल, वर वजन ठेवू नये.'

रफिकभाईंचं वजन तुम्ही पाहिलेलं नाही. भाभी म्हणाल्या, "उठो जी, पहले पढ तो लेव!"

सोफा कर्ज फिटल्यावर येणार होता. फ्रिज, सोलापुरी चादरी, वर्षाचं कानातलं, सगळं कर्ज फिटल्यावर. मी एकदा म्हटलंही, "अगं, कर्ज फिटल्यावर जगणार का तुम्ही?" ती हसली. माझ्या फटकळपणाला सगळे हसतात, ऐकत कोणी नाही.

*

आई डोळे दाखवायला शहरात आली तो किस्सा प्रकाश नक्कल करून सांगायचा. उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यातून तिला घरी आणलं. तिनं सगळं घर फिरून पाहिलं, भिंतींवरून हात फिरवला, वर्षाच्या हातची भाकरी आणि पिठलं दोनदा मागून घेतलं. मागच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. वारा चांगला येतो म्हणाली. ऊन कललं तशी पिशवी काखेत मारून दारात उभी!

"आत्याबाई, राहा ना आजच्या दिवस," वर्षा सासूला म्हणाली. "आता काय, दोनच खोल्या राहिल्यात."

"मंग त्या सोडवा आन् बोलवा. मला फाट्यावर सोड रे परकाश, शेवटची यष्टी जाईल."

"आई, डोळ्यात औषध घातलंय, तुला धड दिसंना."

"यष्टी दिसती की!"

हसून हसून सगळ्या टेबलाचं पोट दुखायला लागलं. मी म्हटलं, "अरे, पाच माणसांत छोटी पूजा उरकून टाक ना. म्हातारी राहील तरी." वर्षाचाही तोच विचार होता. पण प्रकाश म्हणाला, "छोटी कशी करणार ताई? गाव नाव ठेवंल. आईला तर सगळ्या भावकीला जेवताना बघायचंय. एकदाच करू, दणक्यात करू. थोडंच राहिलंय."

'थोडंच राहिलंय' हे त्याचं पेटंट वाक्य होतं. 

*

पुढचा किस्सा ऐकताना आम्ही तेव्हा हसलो होतो, हे सांगायलाही वाईट वाटतं.

"आईचं काय चाललंय बघा," प्रकाश डबा उघडत म्हणाला. "एकाच फोनमध्ये तीनदा विचारती, वास्तुशांत कधी हाय रं? मी म्हणलं, आई, आत्ताच सांगितलं की. तर म्हणती, मला कुठं सांगितलं? तू कोण बोलायलास?"

आम्ही हसलो. रफिकभाई हसले नाहीत. त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली.

"प्रकाशभाई, मेरे अब्बा का भी ऐसाइच शुरू हुआ था. अम्मा को ले आव. कमरा बाद में छुडाना."

 प्रकाशनं मान खाली घातली. "थोडंच राहिलंय भाई," तो म्हणाला आणि न जेवताच डबा बंद केला.

त्या रविवारी वर्षा स्वतः गावी गेली आणायला. आई घरामागं चुलीपाशी बसली होती. वर्षाला ती कधी सून म्हणून ओळखायची, कधी आपली धाकटी नणंद समजायची. बाजरी कुठं ठेवली ते विसरली होती, चूल पेटवायची विसरली होती. मात्र वर्षा हात धरून उठवायला लागली तशी तिनं हात सोडवून घेतला. "वास्तुशांत झाली का? नाय ना? मंग कशी येऊ?"

सगळं विसरली, तेवढं एक विसरली नाही.

मग दोघांनी धावपळ केली. पण हातातला पैसा नुकताच बँकेत गेलेला, आणि चातुर्मास लागला म्हणून भटजी मुहूर्त देईनात. प्रकाशनं ठरवलं, आता एवीतेवी थांबायचंच आहे तर तेवढ्यात कर्जही संपवून टाकू. दोघांनी तिन्ही शिफ्टमध्ये मिळेल तसा ओव्हरटाइम घेतला. गावी आईजवळ चुलत भावजय राहिली. वर्षाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि टेबलावर 'काय सोडवलं' हा प्रश्न आता कोणी विचारत नव्हतं.

*

कर्ज संपलं, मुदतीच्या कितीतरी वर्षं आधी संपलं! कागद आणायला दोघं बँकेत गेली तेव्हा वर्षानं पेढ्यांचा बॉक्स नेला होता. साहेब तेच, संडासाच्या दारावाले. त्यांनी पेढा खाल्ला, हात मिळवला, इतक्या लवकर कर्ज फेडणारे फार थोडे असतात म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता तुमचं रेकॉर्ड एवढं चांगलं आहे, तर घरावर एक नवीन लोन करून टाकू या का?"

वर्षानं टेबलावरचा बॉक्स उचलला, झाकण लावलं आणि पिशवीत घातला. उरलेले पेढे आम्ही खाल्ले. त्या दिवशी प्रकाश किती दिवसांनी मोठ्यानं हसला, आणि हसता हसताच उठून हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता.

*

दिवाळीनंतर वास्तुशांती झाली. दणक्यात झाली. दारात मांडव, भावकीतली झाडून सगळी माणसं, आमचं अख्खं डिपार्टमेंट, पुरणपोळ्यांची पंगत. रफिकभाईंनी वाढप्यांकडून बादली ओढून घेतली आणि स्वतः आमटी वाढली.

आईला आदल्या दिवशी गाडी करून आणलं होतं. वास्तुशांत उद्या आहे म्हणून ती रात्र तिनं शहरातल्याच एका चुलत पुतण्याकडे काढली, तेवढं तिला बरोबर कळत होतं. सकाळी पूजेला बसलेल्या प्रकाशकडे बघून ती कोणाला तरी म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय." आम्हाला वाटलं, ओळखलं.

पंगती उठल्यावर वर्षानं तिला मागच्या खोलीत नेलं. फिका पिस्ता रंग, नवी गादी, खिडकी उघडी. मी आणि रफिकभाई दारात उभे होतो. प्रकाश आईच्या पायाशी बसला. आई पोटभर जेवली होती, खुशीत होती. तिनं भिंतीवरून हात फिरवला.

"लई चांगलं घर हाय बाई तुमचं," ती वर्षाला म्हणाली. "वारा बी येतो. जेवण बी झ्याक केलं. माझ्या लेकाचं बी घर हाय हितंच शहरात. अजून बँकेचं हाय. थोडंच राहिलंय म्हणतो."

 तिनं पदर सारखा केला आणि पिशवी काखेत घेतली.

"त्याची वास्तुशांत झाली की दोघं नवरा-बायको जेवायला या बरं का. लाजू नका. आता मला फाट्यावर सोडा, शेवटची यष्टी जाईल."

प्रकाश उठला. त्यानं तिची चप्पल पुढे सरकवली, हात धरला आणि म्हणाला, "येऊ की मावशी. नक्की येऊ."