सहावं उद्दिष्ट

पाटील सर वर्गात आले की आधी दाराची कडी नीट आहे ना ते बघायचे. मग पंखा, मग खिशातली दोन पेनं. एवढं झाल्यावरच त्यांना बोलायला सुचायचं. माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात ते बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स शिकवत. म्हणजे दुकान, दवाखाना, कचेरी यांचं काम संगणकावर कसं आणायचं, ते. मुलं त्यांना मागे ‘भित्रा पाटील’ म्हणत. सरांना ते माहीत होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी विषयाची छापील उद्दिष्टं वाटली. पाच होती. विद्यार्थी माहितीचा प्रवास रेखाटू शकेल, तक्ते बांधू शकेल, अशी. मग सरांनी फळ्यावर सहावं लिहिलं : ‘विद्यार्थी योग्य जागी घाबरू शकेल.’ वर्ग हसला. हे वाक्य ते दरवर्षी अभ्यास मंडळाकडे पाठवत आणि भीती मोजता येत नाही म्हणून मंडळ दरवर्षी ते खोडत असे. सर वाद घालत नसत. खडू घेऊन पुन्हा लिहीत.

मी तेव्हा कशालाच घाबरत नव्हते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी घोडपदेवचा एक धर्मादाय दवाखाना घेतला, कारण तो माझ्याच भागातला. पत्र्याच्या पेट्यांमधली रुग्णांची कार्डं मी संगणकावर चढवली. सरांची एकच अट होती : जुनी कार्डं महिनाभर हलवायची नाहीत. दर मंगळवारी ते स्वतः येऊन बाकड्यावर बसत आणि त्या दिवशीची औषधं एकेका कार्डाशी ताडून बघत. कंपाउंडर मांजरेकर हसायचे. “सर, कॉम्प्युटर आणलात ना? मग ही शाळा तपासणी कशाला?”

त्या मंगळवारी अंगारकी संकष्टी होती. अकराच्या सुमारास सरांचं बोट एका कार्डावर थांबलं. सुनंदा सावंत, रक्तदाब. संगणकाने मात्र तिला साखर उतरवणारी गोळी दिली होती. सरांनी मागचं कार्ड काढलं. तेही सुनंदा सावंत, तीच चाळ, आणि साखर हिला होती.

आदल्या आठवड्यात मी दुहेरी नोंदी शोधून जोडल्या होत्या. नाव एक, चाळ एक, म्हणजे माणूस एक. खोलीच्या नंबराचा रकाना मी ठेवलाच नव्हता. मी तिथून तीन गल्ल्यांवर वाढले. आमच्याच चाळीत दोन सुनंदा होत्या. एक माडीवरची, एक नळाकडची. तक्ता बांधताना मला त्यातलं काही आठवलं नव्हतं.

मांजरेकरांचा चेहरा उतरला. तासाभरापूर्वी ही रक्तदाबवाली म्हातारी गोळ्या घेऊन गेली होती आणि आज निरंकार उपास आहे म्हणत होती. त्यांनी संगणकावरचा नंबर फिरवला. फोन दुसऱ्या सुनंदाने उचलला.

सर ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “घाबरलीस?”

मी मान हलवली.

“मग चल. कुठे घाबरलीस ते नंतर लिही.”

दार, पंखा, पेनं, काही न बघता ते निघाले. जुन्या कार्डावर लिहिलेली तिसऱ्या मजल्यावरची खोली बंद होती. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. शेजारी कुकरची शिटी झाली, आणि आतून काही आवाज नाही. उपाशी पोटी ती गोळी घेतलेलं माणूस दारापर्यंत येऊ शकेल का, हे मी सरांना विचारू शकले नाही.

मग कडी निघाली. ओल्या केसांची म्हातारी आमच्याकडे बघत राहिली. “न्हाऊक गेललंय गो. काय झाला?”

मी गोळ्यांचं विचारलं. तिने देवाजवळून पाकीट आणून हातात दिलं. भरलेलं होतं. “रंग येगळो दिसलो, म्हणान खाल्लंय नाय. इचारूक येतच होतंय.”

सर तिथेच उंबऱ्यावर बसले. म्हणाले, “आजी, आमचं काम तुम्ही केलंत.” तिने त्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाली, “तुझ्या बापाशीक घाम सुटलो बघ.” सरांनी तिला दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितला. मी लिहिलं होतं : दार उघडेना तेव्हा घाबरले. त्यांनी तो परत केला. “ही उशिराची जागा. आधीची शोध.” मी तीनदा लिहिलं. शेवटी लिहिलं : दोन नोंदी जोडताना घाबरायला हवं होतं. सरांनी त्या ओळीखाली बारीक रेघ मारली आणि मला पास केलं.

ही भीती त्यांच्यात कुठून आली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे मीही तोच विषय शिकवू लागले, तेव्हा एकदाच म्हणाले, “मी एकदा पोचलो नव्हतो.”

दोन महिन्यांपूर्वी ते परळच्या एका इस्पितळात होते. घरी फणसवाडीत थोरली बहीण, तिला जिना उतरवत नाही. म्हणून मी जात असे. मी गेले की ते आधी आपल्या मनगटावरची पट्टी मला वाचायला लावायचे. त्या वॉर्डात सरांसकट सुरेश पाटील दोन होते. “नावावर थांबू नकोस, राणे,” ते म्हणत.

एका दुपारी इस्पितळातून फोन आला की सुरेश पाटील गेले. वाटेत टॅक्सीत मी, आयुष्यात एकदाच, मनापासून आशा केली की कुणीतरी दोन नोंदी जोडल्या असतील. मग लक्षात आलं की तसं असेल तर दुसऱ्या सुरेश पाटलांचंही माझ्यासारखं कुणीतरी असेल, आणि त्यांना अजून फोन गेलेला नसेल.

पोचल्यावर नर्सने चादर थोडी बाजूला केली. चेहरा दिसत होता. तरी मी पट्टी वाचली. नाव वाचलं. मग जन्मतारीख. मग तिच्या हातातला कागद घेऊन पत्ता वाचला, खोलीच्या नंबरापर्यंत. सगळं बरोबर होतं.