चालतंय का?

विंचू दिसला तर चपलेनं ठेचणारी मालनबाई, पण भिंतीवरच्या घड्याळाखाली ती कधी बसली नाही. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गच्या बाजूला पाझर तलावाचं काम निघालं आणि अख्खा गाव खडी फोडायला गेला. मालनबाई गेली, तिची सून सखू गेली आणि सखूचं तान्हं पोर मच्छिंद्रही गेलं. टेकडीवर ईरण्णा सुरुंग लावायचा आणि टेकडीच्या पोटाशी या बायका खडी फोडायच्या. मधे कड्याचा फुगवटा, त्यामुळं वरचा माणूस खाली दिसत नसे. वारं तर असं माजलेलं, की हाळी दिली तरी भलतीकडंच जायची. म्हणून सगळा भरवसा घड्याळावर. साहेबाच्या तंबूतलं घड्याळ मुख्य. त्यावरून वरच्या टोळीचं आणि खालच्या टोळीचं घड्याळ रोज सकाळी जुळवायचं. जेवणाची सुटी झाली की सगळ्यांनी लांब पाण्याच्या टाकीपाशी जायचं आणि मग ईरण्णानं बत्ती द्यायची.

खालचं घड्याळ तंबूत नेऊन जुळवून आणायचं काम मुकादम आबारावांनी मालनबाईला दिलं होतं. तिला आकडे येत नव्हते, पण दोन्ही काटे वर एकमेकांवर चढले की सुटी, एवढं ठाऊक होतं. तंबूतल्या कारकुनानं बजावलंही होतं, "मावशी, उभंच धरा. आडवं केलं की थांबतंय ते."

एके दिवशी परतताना वाटेत सुकडी वाटणारी गाडी लागली. अंगावर पाजणारी सून उपाशी, म्हणून मालनबाई रांगेत बसली. घड्याळ पदरात गुंडाळून मांडीवर आडवं. उठली तसं हिसक्यानं ते पुन्हा सुरू झालं. मधे थांबलं होतं, हे तिला कळलंच नाही.

"चालतंय का?" आबारावांनी विचारलं.

तिनं कानाला लावलं. टिकटिक, टिकटिक. "चालतंय की."

खोटं काय होतं त्यात? चालतच होतं बिचारं.

ऊन डोक्यावर आलं तरी काटे काही चढेनात. "आज दीस लई लांबलाय," सखू म्हणाली. तिला तहान लागली म्हणून मालनबाई घागर घेऊन टाकीवर गेली. बघते तर वरच्या टोळीतल्या बायका भाकरीची फडकी सोडून बसलेल्या.

"एकलीच आलीस?" त्यातल्या गंगम्मानं विचारलं. "बाकीच्या कुठं हायत?"

"आमची सुटी कुठं झाली अजून?"

गंगम्माचा घास हातातच राहिला. "आगं, ईरण्णा बत्ती द्यायला गेला की!"

मांडीवरचं आडवं घड्याळ मालनबाईला आत्ता आठवलं. घागर टाकून ती धावत सुटली. वर बघायची हिंमत होईना. "पळा गं! सुरुंग!" तिचं ओरडणं वारं उडवून नेत होतं. बायकांनी तिचे हातवारे पाहिले आणि हातोड्या टाकून त्या पळाल्या. सखूही पळाली आणि मधेच किंचाळली. पोर बाभळीच्या झोळीत राहिलं होतं.

सखूला मागं लोटून मालनबाईनं झोळीतलं पोर उचललं, खडीच्या ढिगाआड पालथी पडली आणि त्याला पोटाखाली घेतलं. मग कडा फुटला. दगड कोसळत राहिले. धूळ बसली तेव्हा पोराच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सखूनं सासूचे पाय धरले.

चार दिवसांनी घरात सखूच्या हातून परात पडली. मालनबाई दचकली. पोर दचकलं नाही.

तिला कुणी बोल लावला नाही. तेच तिला जास्त लागलं.

मच्छिंद्र मोठा झाला, गावच्या दूध सोसायटीत कॅन धुवायला लागला. एक दिवस नवंकोरं मनगटी घड्याळ घेऊन घरी आला. त्यानं चावी दिली. लोक कानाला लावून बघतात, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं ते आजीच्या कानाला लावलं आणि भुवया उंचावून तिच्या ओठांकडं बघत राहिला.

टिकटिक, टिकटिक.

'चालतंय' हा एक शब्द मालनबाईच्या तोंडून निघेना. तिनं त्याचं मनगट धरलं, सोसायटीत नेलं आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली त्याला उभं केलं. वरच्या काट्यांकडं बोट दाखवलं, मग त्याच्या घड्याळाकडं. तो काटे जुळवत होता तोवर ती त्याच्या शेजारी उभी राहिली.