बर्निस हुडाकने स्वतःला बाद केलं त्याची गोष्ट

बर्निस हुडाकचा आवाज ज्याने ऐकला नाही तो आमच्या कार्बन रन गावात वाढलाच नाही, असं खुशाल समजावं. एकतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. चारशे पोरं ताटं बडवत असताना ही बाई नुसतं "रांग!" म्हणायची, आणि बाहेरच्या झाडावरच्या खारीसुद्धा एकामागे एक उभ्या राहायच्या. ती निवृत्त झाली तेव्हा लोकांना वाटलं, आता बर्निस मोजे विणेल आणि चर्चच्या विक्रीसाठी गॉब भाजेल. गॉब ती भाजतेच. दोन काळे केक, मधे पांढरं क्रीम, आणि खाणाऱ्याच्या नाकाला हमखास टिळा. पण ते घेऊन ती जाते बंदुकवाल्यांच्या क्लबात, कारण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे तिची नवशिक्यांची पिस्तुलाची मॅच असते.

मी चेस्टर पावलिक. जन्मभर पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात टपाल वाटलं, आता बर्निसच्या मॅचचे गुण टिपतो. गाव मला चेट म्हणतं. बर्निस मला "म्हाताऱ्या" म्हणते, आणि मी तिच्याहून फक्त आठ महिन्यांनी मोठा आहे.

ही मॅच म्हणजे एका जागी खुंटासारखं उभं राहून गोल निशाणावर नेम धरणं नव्हे. टायमर 'टिप्' करतो. पिपाआडून पुठ्ठ्याच्या माणसावर दोन गोळ्या, मग लाकडी खिडकीपर्यंत पळायचं, तिथून दुसऱ्या पुठ्ठ्यावर दोन, आणि शेवटी पोलादी तबकडी. ती टण्ण वाजली की मोठी माणसंही पोरांसारखी नाचतात. नवशिक्यांसाठी बर्निसने सगळं सोपं करून ठेवलंय. पिस्तूल कमरेवरून उपसायचं नाही, टेबलावरून उचलायचं. पळवत नसेल तर चालायचं. "घाई कसली?" ती सांगते. "पुठ्ठ्याचाच आहे तो, कुठे चाललाय?"

ज्याची पाळी नसेल त्याने पुठ्ठ्यावरची भोकं बुजवायची. त्यासाठी तपकिरी चिकट्यांचं रीळ असतं. जो जास्त घाबरलेला, त्याच्या हातात बर्निस ते रीळ आधी कोंबते. आपल्याआधीच्या शूरवीरांच्या गोळ्या कुठे कुठे भरकटल्यात हे जवळून पाहिलं की माणसाचा थरकाप निम्म्यावर येतो.

दोन नियम मात्र दगडावरची रेघ. गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे तोंड करून दोन्ही हात बाजूंना पसरा. हातांच्या त्या रेघेच्या मागे पिस्तुलाची नळी जाता कामा नये. आणि पाय हलत असतील तेव्हा बोट चापावर नको. यातलं एक मोडलं की माणूस त्या दिवसापुरता बाद. गोळी सुटलेली नसली तरी बाद, आणि चर्चचा पाद्री असला तरी बाद. 'बाद'साठी आमच्याकडे जो इंग्रजी शब्द आहे त्याची आद्याक्षरं, डी आणि क्यू, आणि हमरस्त्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानाची आद्याक्षरं एकच आहेत. त्यामुळे बाद झालेल्याला आम्ही आइस्क्रीमवाला म्हणतो, आणि मॅच संपली की सगळे मिळून त्याला तिथे घेऊन जातो. रडवेलं तोंड करून गाडीत बसलेली माणसं कोन चाटत घरी गेलेली मी पाहिली आहेत.

आता वेंडेल ब्रुबेकर. आमचा अध्यक्ष. जुन्या वळणाचा नेमबाज: डावा हात खिशात, उजवा ताठ, मिनिटाला एक गोळी. बर्निस आणि तो पहिलीपासून एका वर्गात होते, त्यामुळे भांडायला त्यांना ओळख काढावी लागत नाही. मेच्या कमिटीत नवशिक्यांची मॅच बंद करायचा ठराव आला. तीन मतं इकडे, तीन तिकडे. उरलं वेंडेलचं.

"हा पोरखेळ आहे, बर्निस," तो म्हणाला. "नवखी माणसं, हातात भरलेलं पिस्तूल, आणि वर तू त्यांना पळवतेस!"

"हळू पळवते."

"जूनमध्ये मी स्वतः येऊन बसणार. एक, फक्त एक माणूस बाद झाला, की मॅच बंद."

बर्निसने मान डोलावली. गाडीत बसल्यावर मात्र ती मला म्हणाली, "चेट, ही मॅच गेली तर मी रविवारी करू काय? घरात ओरडायला भिंतींशिवाय कोणी नाही रे." तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मी सीटबेल्ट लावला.

जूनचा रविवार लख्ख उजाडला. अकरा नवशिके आले. त्यात नदीन नावाची एक मुलगी, दातांच्या दवाखान्यात मदतनीस, लहानपणी बर्निसच्याच हातचं जेवलेली. दुसऱ्यांच्या तोंडात बिनधास्त हात घालणारी ही पोर टेबलावरच्या पिस्तुलाला बोट लावायला तयार नव्हती. आणि एक गार्नेट, कोळशाचा ट्रक चालवणारा, दारातून वाकून आत येणारा. तो बर्निसला कुजबुजत म्हणाला, "मिसेस हुडाक, मला आवाजाची भीती वाटते." बर्निसने दोघांच्या हातात एकेक गॉब आणि एकेक रीळ दिलं. वेंडेल घडीची खुर्ची टाकून बसला, मांडीवर चुका नोंदवायच्या फॉर्मांची फाईल. गॉब त्याने घेतला नाही. मग घेतला.

सुरुवातीला बर्निस स्वतः एकदा करून दाखवते. त्या दिवशी तिला जोर चढला होता. टिप्! पिपाआडून दोन, दोन्ही मधोमध. सहासष्ट वर्षांची बाई, गुलाबी टोपी, पळत पळतच पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझीन बदलतेय, आणि अकरा माणसं टाळ्या पिटतायत. मलाही राहवलं नाही. मी ओरडलो, "बर्निस, मॅकरोनी करपली!"

एकतीस वर्षांची सवय. स्वयंपाकघरात कोणी हाक मारली की ती वळायची, तशी वळली. आधी डोकं, मग खांदा, आणि खांद्याबरोबर मनगट. नळी रेघेच्या बोटभर मागे गेली आणि परत आली. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. टाळ्या चालूच होत्या. वेंडेल नाकावरचं क्रीम पुसत होता. पाहिलं ते फक्त मी.

"थांब!" कोणीतरी गरजलं. अकराच्या अकरा माणसं ताठ झाली. बर्निसच होती ती, आणि स्वतःलाच म्हणाली होती. तिने नळी बांधाकडे धरून पिस्तूल रिकामं केलं, मला दाखवलं, खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे वळली. "नळी रेघेमागे गेली. बर्निस हुडाक, तुझं आजचं झालं."

मी तिच्यापाशी जाऊन दात खाऊन बोललो, "अगं बये, कोणी पाहिलं नव्हतं! मी सोडून!"

"मी पाहिलं ना."

"मॅच बंद करील तो!"

"करू दे. आणि म्हाताऱ्या, तुझी मॅकरोनी तुला नंतर दाखवते."

चूक माझ्या जिभेची, शिक्षा तिला. मला इतकी शरम वाटली की गुण टिपायच्या टॅबलेटवर तिचं नावही धड लिहिता येईना. वेंडेल उठला, फाईल उघडली आणि फॉर्म भरू लागला. 'चूक कोणाची': बर्निस हुडाक. 'कोणी थांबवलं': इथे त्याचं पेन अडलं. मग त्याने तेच नाव पुन्हा लिहिलं.

आमच्या नियमाप्रमाणे बाद माणूस पिस्तूल गाडीत ठेवून उरलेला दिवस चिकट्या लावतो. मग मॅच घेणार कोण? नेमबाजाच्या पाठीशी उभं राहायचा परवाना बर्निसशिवाय एकट्या वेंडेलकडे. अकरा चेहरे त्याच्याकडे लागले. गार्नेट म्हणाला, "सर, मी सत्तर मैलांवरून आलोय."

वेंडेलने टायमर उचलला, कोणी मेलेला उंदीर हातात द्यावा तसा. पहिल्या माणसाला तो म्हणाला, "कृपया सज्ज व्हावे." मागे रीळ घेऊन बसलेली बर्निस ओरडली, "वेंडेल, लग्न लावतोयस की मॅच घेतोयस?" हशा पिकला. तिसऱ्या माणसापर्यंत त्याचा आवाज सुटला. गार्नेटच्या पाळीला त्याने चक्क त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यासाठी टाचा उंचावून. गार्नेटने चार गोळ्या डोंगराला वाहिल्या, पाचवी तबकडीला लागली, आणि टण्ण ऐकताच तो अंगाने एवढा गडी खदाखदा हसत खाली बसला. "डोळे मिटले होते मी!" त्याने जाहीर केलं. "त्यानेही बाद होतं का?"

"डोळे मिटणं हा गुन्हा नाही, राजा," बर्निस म्हणाली. "गोळ्या महाग आहेत एवढंच."

मग नदीन. देवाशपथ, तसं पहिल्या दिवशी खेळताना मी कोणाला पाहिलं नाही. टिप्, दोन, दोन, टण्ण! वेंडेलने हवेत मूठ उडवली आणि लगेच खाली घेतली. लोक ओरडत होते. नदीनने पिस्तूल रिकामं केलं, खाली ठेवलं आणि शाळेतल्यासारखा हात वर केला.

"पळताना माझं बोट आत होतं," ती म्हणाली. "चापावर. कोणी पाहिलं नसेल. पण होतं."

वेंडेलने पाहिलं नव्हतं. तो तिच्यामागे हातभर अंतरावर होता. बर्निसने रीळ टाकून तिला मिठी मारली. पोर एकाच वेळी रडत होती आणि हसत होती, आणि आम्हीही काही वेगळं करत नव्हतो. वेंडेलने दुसरा फॉर्म काढला. पुन्हा दोन्ही रकान्यांत एकच नाव.

संध्याकाळी आइस्क्रीमच्या दुकानापुढच्या बाकांवर सगळी वरात बसली. गार्नेट प्रत्येकाला टण्ण करून दाखवत होता. वेंडेलचं मात्र आइस्क्रीमकडे लक्ष नव्हतं. त्याचा कोन हातावरून मनगटापर्यंत वितळला होता.

"आमच्या गुरुवारच्या नेमबाजीत," तो अचानक म्हणाला, "बावीस वर्षांत असा एकही फॉर्म भरलेला नाही. मी हे छाती काढून सांगतो लोकांना." मग म्हणाला, "बावीस वर्षांत आम्ही कोणीच चुकलो नाही, असं असेल का गं?"

"नसेल," बर्निस म्हणाली.

मग त्याने सांगितलं. हार्लन म्हणजे त्याचा जानी दोस्त, दर गुरुवारी त्याच्या शेजारी उभा राहणारा. अकरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात दारातून कोणीतरी हाक मारली, आणि वेंडेल भरलेल्या पिस्तुलासकट वळला. हार्लन खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. नळी त्याच्या पाठीवरून गेली. "त्याला आजही माहीत नाही," वेंडेल म्हणाला.

त्याने चिकट हाताने तिसरा फॉर्म काढला आणि पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्यापाशी थांबला. बर्निसने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि तिथेही तेच नाव लिहिलं.

मी विचारलं, "आणि मॅच?"

"चालू राहील. उद्या कमिटीला सांगतो."

"कमिटी राहू दे," बर्निस म्हणाली. "आधी हार्लनला सांग."

वेंडेलने कोन माझ्या हातात दिला, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"हार्लन? वेंडेल बोलतोय," तो म्हणाला. "बसलायस ना?"