सिल्लोडला सांगितलं का?

मागच्या सोमवारी राऊंड संपला आणि सरांनी मला थांबवून घेतलं. हर्नियाच्या ऑपरेशननंतर किती जणांच्या जखमेत इन्फेक्शन होतं, यावर आम्ही काही हॉस्पिटलांतले सर्जरी रेसिडेंट मिळून स्टडी करतोय. सगळी ओळख सोशल मीडियावरची... कोणी केरळचा, कोणी लखनौची, एक तर थेट लंडनचा.

स्टडीबद्दलच्या माझ्या पोस्टवर लाईक भरपूर. पण आमचे पेशंट महिन्यानंतर जखम दाखवायला येतच नव्हते.

सर शांतपणे म्हणाले, "लाईकचा फॉलोअप छान आहे. आता पेशंटचा दाखव. नाहीतर महिनाअखेर आपलं हॉस्पिटल या स्टडीतून बाहेर."

फोन करून बघितले. डिस्चार्ज कार्डावरचा नंबर पुण्यातल्या भाच्याचा निघायचा... आणि तो म्हणायचा, मामा कापूस वेचायला जातायत म्हणजे बरेच असतील.

माझी को-रेसिडेंट फिरदौस सिल्लोडची, आमचे बरेच पेशंट तिकडचेच. कॅन्टीनमध्ये माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "बाई, लंडनला सांगितलंस. सिल्लोडला सांगितलं का?"

तिनंच मला आसपासच्या तालुक्यांतल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा अशी पोस्ट मराठीत लिहिली. पेशंटचं नाव नाही, फोटो नाही, फक्त आमची अडचण.

थोड्याच वेळात सिल्लोडच्या एका डॉक्टरांचा मेसेज आला. "मॅडम, तुमच्या पेशंटचे टाके इथंच निघतात. मजुरी बुडवून तिकडं कोण येतंय?"

पेशंट हरवले नव्हतेच... फक्त आमच्याकडे येत नव्हते.

कन्नड आणि गंगापूर तालुक्यांतले डॉक्टरही मदतीला तयार झाले. एथिक्स कमिटीची परवानगी मिळाली की पेशंटला विचारून, तिथंच जखम बघून ते कळवणार आहेत. सरांनी मेसेज वाचले आणि मुदत वाढवून दिली.

रिसर्च पेपरमध्ये तुमचं नाव टाकू म्हटलं, तर सिल्लोडचे डॉक्टर फोनवर हसले. "नावाचं बघा तुमचं. पण हर्नियाला आतून जाळी टाकली का नाय, तेवढं कार्डावर नीट लिहीत जा. लई अंदाज बांधावा लागतो."

आज त्यांच्याच भागातल्या एका काकांना डिस्चार्ज दिला. कार्डावर सगळं लिहिलं, मोठ्या अक्षरात... जाळी, औषधं, टाके कधी काढायचे, माझा नंबर.

"एवढं कोण वाचणार, बाई?" काका म्हणाले.

वाचणारा आहे, काका... आधीपासून होता. थँक यू, डॉक्टर. पेपरमध्ये नाव मात्र येणारच.