बाजूला सरका, साहेब!

काल झुंबाच्या वर्गात जाधवसाहेब आरशावर धडकले आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

साहेब म्हणजे टेकडीवर धावणाऱ्या आमच्या कंपूचे म्होरके. गुडघा दुखायला लागला, धावणं बंद झालं आणि त्यांचा चेहराच लंगडू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा धावायचंय ना? मग आधी नाचा. तुमचे बाजूचे स्नायू झोपलेत." म्हणून मी त्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये ओढून आणलं.

ठेका सुरू झाला. सगळ्या बायका उजवीकडे वळल्या, साहेब सवयीने सरळ पुढे निघाले.

"अहो, आरशात कुठे शिरताय? बाजूला सरका!" त्यांच्या सौभाग्यवती, मंदाताई, ओरडल्या. "आपल्या वरातीतही सगळे नाचत होते, आणि हे खांबासारखे उभे!"

मी पोट धरून हसले, पण माझेही पाय अडखळतच होते. आम्ही धावणारी माणसं वर्षानुवर्षं नाकासमोर जातो. पुढे गेलो तरच काही झालं, असं वाटतं. डावीकडे, उजवीकडे, मागे एवढं जग मोकळं पडलंय, पण तिथे पाऊल टाकून बघायचं सुचतच नाही. ठेका मात्र थेट तिथेच नेतो. जागच्या जागी घाम फुटतो आणि त्याच्याबरोबर हसूही.

शेवटच्या गाण्यात साहेबांची कंबर एकदाची हलली! आम्ही शिट्ट्या वाजवल्या. ते मध्येच थांबले, गुडघा चाचपला.

"मंदा, दुखत नाहीये गं," ते हळूच म्हणाले.

"मग थांबलात कशाला?" म्हणत मंदाताईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना डावीकडे खेचलं.