कोंबडीची खिडकी

आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. जुन्नरच्या कॉलेजात सायकलीनं गेलो, पास झालो, आणि लोणीच्या बाजूला हायस्कुलात शिक्षक लागलो. वस्तीत कॅथलिक घरं मोजकीच. कुणाचा अर्ज लिहायचा असो, कुणाला कचेरीत जायचं असो, चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत बायबलचं पहिलं वाचन करायचं असो, सगळे माझ्याकडे येत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझा धाकटा भाऊ दहावीला दोनदा बसला, दोनदा आपटला आणि पुण्याला एका काचेच्या कारखान्यात गेला. आधी शोकेसच्या काचा कापायचा. मग रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून चित्र करायचं काम शिकला. आई कुणालाही सांगायची, "थोरला शिकला, धाकटा कामाला लागला." ही वाटणी मला अगदी बरोबर वाटायची.

नव्वदीच्या शेवटी शेवटी एका वर्षी वळवाच्या वाऱ्यानं चर्चच्या मनोऱ्याचा पत्रा उडाला, टोकाचा क्रूस कलला आणि खाली भिंतीला भेग गेली. फादर वसईकडचे, कामाचा उरक मोठा. त्यांनी ओतूरकडचे एक म्हातारे मिस्त्री आणले. मी म्हटलं, सिमेंट भरा, चार दिवसांत काम. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ह्या दगडाला चुनाच लागतो." आणि त्यांनी घाटघरकडून हिरडा मागवला, तो भिजवून त्याचं पाणी गुळाबरोबर चुन्यात घातलं, आणि चुना आठवडाभर मळत बसले. फादर माझ्याकडे बघून नुसते हसले.

मनोऱ्याबरोबर खिडक्याही करू, असं फादरांनीच काढलं. चार खिडक्या, त्यांना तेव्हा प्लायवूड ठोकलेलं होतं. "संतांची चित्रं नकोत, खुणा हव्यात. लोकांनी बघावं आणि समजावं. सर, तुम्ही सुचवा." मी दोन रविवार पुण्याच्या लायब्ररीत घालवले. फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: पेलिकन पक्षी, पांढरं कोकरू, द्राक्षांचा घड, मासा. प्रत्येकाखाली अर्थ. काम अर्थातच भावाला मिळालं. मला वाटलं, ठीक आहे, डोकं माझं, हात त्याचे.

तो खाकी कागदावर चित्रं काढून घेऊन आला. मिस्सेनंतर चर्चच्या फरशीवर कागद पसरले आणि बायका भोवती बसल्या.

"सर, ह्यो बगळा हाय व्हय?" शेजारच्या मावशीनं विचारलं.

"पेलिकन. पिलांना स्वतःच्या छातीतलं रक्त पाजतो, असं मानतात. म्हणून ती ख्रिस्ताची खूण."

"बया! आन् ऱ्हातो कुठं?"

"युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांत."

"मग हितं कशापायी आलाय?"

सगळे हसले. फादरसुद्धा. भाऊ हसला नाही, ते मला जास्त लागलं. तो कागदाकडे बघत म्हणाला, "दादा, शुभवर्तमानात कोंबडी हाय की. पिलं पंखाखाली घेणारी. ती काढू का?"

येशूचं ते वचन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. फादर वाचायचे तेव्हा हा मागच्या बाकावर पेंगत असायचा. आठवलं मात्र त्याला. मावशी म्हणाली, "काढ रे भाऊ, कोंबडी काढ. आमाला कळती ती." मग त्यानं कोकरूही काळं केलं. मी म्हटलं, कोकरू पांढरं असतं. तो म्हणाला, "धनगराची मेंढरं बघ की दादा, समदी काळीच." फादरांनी मान हलवली. माझ्या फुलस्केपातली द्राक्षं आणि मासा तेवढे राहिले.

घरी आई त्याला भाकरी वाढताना म्हणाली, "लई डोकं चालतं ह्याचं." हे वाक्य माझं होतं. मॅट्रिक झालो तेव्हापासून माझं.

तो पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "खिडक्यांची मापं तेवढी पाठव." मी एका खिडकीचं माप घेतलं, उंची, रुंदी, कमान, सगळं. सेंटिमीटरमध्ये, मिलिमीटरसकट. पोस्टकार्डावर लिहिलं: चारही सारख्या.

पंधराएक दिवसांनी मनोऱ्याचं काम बघायला परांचीवर चढलो. मिस्त्री चुना लावता लावता सहज म्हणाले, "गुरुजी, खिडक्यांची मापं येगयेगळी दिलीत न्हवं? चारी खिडक्या चार तऱ्हेच्या हायेत. जुनी माणसं डोळ्याच्या अंदाजानं बांधायची."

मी खाली उतरून टेप लावला. कोंबडीची खिडकी दोन बोटं अरुंद. दुसरी एक उंचीला तोकडी.

त्याच्या कारखान्याचा फोन नंबर माझ्या डायरीत होता. एसटी स्टँडसमोर बूथ होता, मी रोज तिथूनच गाडी पकडायचो. सोमवारी बूथवर गर्दी होती. मंगळवारी गर्दी नव्हती. बुधवारी मी बूथच्या बाकड्यावर बसून पेपर वाचला. मनात एकच होतं: एकदा तरी त्याचं चुकू दे. नव्या मनोऱ्याच्या आशीर्वादाच्या दिवसाआधी कोंबडी खिडकीत शिरू नये, आणि सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे बघून विचारावं, सर, आता काय करायचं?

आशीर्वादाच्या आदल्या दिवशी सकाळी टेम्पो आला. काचा गोणपाटात आणि गवतात गुंडाळलेल्या. आई, मावशी, फादर, सगळे अंगणात. कोंबडीची चौकट उचलून लावली. नाही बसली. मला आतून थोडी खुशी झाली, ते लपवत नाही.

 भावानं पिशवीतून काच कापायचं हत्यार काढलं. प्रत्येक चित्राभोवती त्यानं साध्या निळ्या काचेची चार बोटांची किनार ठेवली होती. कडेची पट्टी सोडवली, किनार कापली, पट्टी परत लावली. दुपारपर्यंत चारही खिडक्या बसल्या. मिस्त्री म्हणाले, "वा राव! आधीच जागा ठिवली व्हती."

"जुन्या भिंतीचं काय खरं नसतं," भाऊ म्हणाला.

म्हणजे माझ्या पोस्टकार्डावर त्याचा पहिल्यापासून भरवसा नव्हता. मिलिमीटरसकट लिहिलेल्या मापावर.

दुसऱ्या दिवशी नव्या मनोऱ्याखाली मोठी मिस्सा झाली. कोंबडीतून पिवळा उजेड बायकांच्या पदरावर पडला होता आणि मावशी शेजारणीला कोपरानं ढोसत ती पिलं मोजत होती. फादरांनी भावाला पुढे बोलावलं. तो माइकजवळ गेला आणि म्हणाला, "माझं एकट्याचं न्हाई. मापं दादानं घेतली. त्याच्याबिगर झालं नसतं."

टाळ्या वाजल्या. आई मागे वळून माझ्याकडे बघत होती. मी उठलो, हात जोडले, टाळ्या घेतल्या आणि खाली बसलो.

मिस्सा संपल्यावर त्याला चर्चच्या मागे गाठलं. म्हटलं, "माप चुकलंय हे मला ठाऊक होतं. मिस्त्रींनी सांगितलं होतं. मी फोन केला नाही."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "काल मिस्त्री बोलले मला. म्हणले, गुरुजींनी टेप लावून बघितलं व्हतं."

"मग तसं का बोललास पुढं?"

"आई बसली व्हती ना." त्यानं काचेनं कापलेलं बोट तोंडात धरलं. "आन् तू आमच्यातला शिकलेला. तुझं तोंड पाडून मी कुठं जाऊ?"

मी त्याची माफी मागायला हवी होती. शब्द तोंडात आलेही होते. पण एवढं मोठं मनही त्याच्याकडेच असावं, हे मला त्या क्षणी सोसलं नाही. मी म्हटलं, "बोटाला हळद लाव," आणि सतरंज्या गुंडाळायला आत गेलो.