बफिंग केलेला स्टोव्ह

आई गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या वस्तूंची किंमत काढायला द्वारका चौकातला एक व्यापारी आला. त्याला बोलावलं दादानं. मी आईजवळ शेवटपर्यंत राहिले, त्यामुळे मला विचारायचं काही कारण नव्हतं.

शेवयांचं यंत्र, हातानं फिरवायचं आइस्क्रीमचं भांडं त्यानं नाक मुरडून बाजूला सारलं आणि पंप मारायचा पितळी स्टोव्ह उचलला. काजळीनं काळा पडलेला. टाकीवरचा परदेशी शिक्का अंगठ्यानं पुसून त्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून वहिनीनं त्याला दुसऱ्यांदा चहा विचारला.

"हा मी ठेवणार होते," मी म्हणाले.

"आठवण मनात ठेवायची असते, माळ्यावर नाही," दादा म्हणाला. "आणि तुला गॅस आहे की."

व्यापारी रविवारी स्टोव्ह न्यायला येणार होता. दादाचा अंबडला व्हॉल्व्हचा कारखाना आहे. एवढ्या किमतीची वस्तू मळकट कशी द्यायची, म्हणून तो स्टोव्ह तिकडे घेऊन गेला. टाकीला मशीनवर बफिंग होऊन चकाकी आली, पायांना चंदेरी रंग लागला, बर्नर नवा बसला. रविवारी तो टीपॉयवर, क्रोशाच्या रुमालावर, दाखवायला आणलेल्या मुलीसारखा बसवला होता.

व्यापाऱ्यानं टाकी फिरवली. पुन्हा फिरवली.

"भाऊ, शिक्का कुठंय?"

"काढला घासून. फार घाण दिसत होता," दादा अभिमानानं म्हणाला. "बघा, तोंड दिसतं!"

"दिसतंय ना, माझंच. शिक्क्याचे पैसे होते, भाऊ. आता मोडीच्या भावानं नेतो. तेही तुमचा चहा प्यालोय म्हणून."

मोडीत देणं दादाच्या प्रतिष्ठेत बसेना. "आईची वस्तू आहे ती. असलं कुणी विकतं का?" असं म्हणून त्यानं स्टोव्ह माझ्या हातात दिला, फोटो काढला आणि 'वारसा' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. मावशीनं लगेच कळवलं, "आईचं मन राखलंस रे बाळा."

मला हवा होता तो स्टोव्ह मिळाला आहे. पंप मारताना आई डावा हात टाकीवर दाबून धरायची. तिथे तिच्या बोटांचे तेलकट डाग पडले होते. मी बरेच शोधले. दादाचं काम चोख असतं.